मार्चअखेर घरचा हिशेब: ३१ तारखेपूर्वी काय करावे आणि कोणत्या क्रमाने

व्यापाऱ्यांचे वहीपूजन दिवाळीत होते, नवे वर्ष पाडव्याला सुरू होते, मुलांचे वर्ष जूनमध्ये लागते. पैशाचे सरकारी वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. त्या शेवटच्या आठवड्यात पोस्टाच्या खिडकीपाशी, जिल्हा बँकेच्या शाखेत आणि विमा प्रतिनिधींच्या फोनवर जी धांदल उडते, तिला आपल्याकडे ‘मार्चएंड’ असे नावच पडले आहे. आमच्या घरी वडील दरवर्षी साधारण २५ मार्चला कर वाचवण्यासाठी एखादी विमा पॉलिसी घेत असत. ते गेल्यावर कपाटातून अकरा पॉलिसी निघाल्या. त्यांपैकी चार पॉलिसी हप्ते थकल्यामुळे बंद पडलेल्या होत्या, आणि उरलेल्या सातांची मिळून विमा रक्कम त्यांच्या दोन वर्षांच्या पगाराइतकीही नव्हती. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की मार्चअखेरचे काम म्हणजे करबचतीची खरेदी नव्हे, तर वर्षाची वही नीट बंद करणे होय. त्या वहीतून खरेदीची गरज निघालीच, तर तिचा क्रम सर्वांत शेवटी येतो.

पुढील सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील उत्पन्नाचे आहेत. या वर्षाला १९६१ चा जुना आयकर कायदाच लागू आहे. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून, पुढच्या वर्षाच्या उत्पन्नासाठी लागू होतो. त्यामुळे या वर्षाचे विवरणपत्र भरताना जुनीच कलमे उपयोगी पडतील.

पहिले काम: वही

एक साधी वही घ्यावी किंवा संगणकावर तक्ता करावा, पण सगळे एकाच ठिकाणी आले पाहिजे. डाव्या पानावर जे आहे ते लिहावे: प्रत्येक बचत खाते, मुदत ठेव, पोस्टातील खाती, भविष्य निर्वाह निधी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ, म्युच्युअल फंड, शेअर, सोने, पतसंस्थेतील ठेव, भिशीत भरलेले हप्ते आणि नातेवाइकांना हातउसने दिलेले पैसे. उजव्या पानावर जे देणे आहे ते लिहावे: गृहकर्ज, वाहनकर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्डाची बाकी, सोसायटीचे कर्ज, घरपट्टी, आणि आपण घेतलेली उसनवारी. भिशी आणि हातउसने या दोन गोष्टी कोणत्याही बँकेच्या विवरणात दिसत नाहीत, म्हणून त्या लिहिताना घरातील सर्वांना एकत्र बसवावे. भिशीचे खरे आकडे बहुधा आईला किंवा पत्नीलाच माहीत असतात.

उसनवारीविषयी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. २० हजार किंवा त्याहून अधिक रुपयांचे कर्ज वा ठेव रोखीने घेणे, तसेच तेवढ्या रकमेची रोखीने परतफेड करणे, हे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि त्यासाठी त्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. भावाने बहिणीला अडचणीत दिलेले पैसेही बँकेतूनच गेलेले बरे.

वर्षभराचा खर्च काढण्यासाठी रोजच्या भाजीची नोंद ठेवलेली असण्याची गरज नाही. १ एप्रिलची सर्व खात्यांतील शिल्लक घ्यावी, तीत वर्षभरात हाती आलेले उत्पन्न मिळवावे, आणि त्या बेरजेतून आजची शिल्लक व वर्षभरात केलेली गुंतवणूक वजा करावी. जे उरते तो खर्च. समजा, एप्रिलमध्ये ८० हजार होते, वर्षभरात ९ लाख ६० हजार हाती आले, आज खात्यांत १ लाख १० हजार आहेत आणि एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहाच्या ठरावीक गुंतवणुकीत, १ लाख २० हजार गेले, तर घराने वर्षात ८ लाख १० हजार रुपये खर्च केले, म्हणजे महिन्याला ६७ हजार ५०० रुपये. कर्जाचे हप्ते यातच आले. हा आकडा पाहून बहुतेक घरांत पाच मिनिटे शांतता पसरते. पण अडीनडीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ या घरासाठी सुमारे ४ लाख रुपये असा होतो, आणि हे कळण्यासाठी आधी तो आकडा समोर असावा लागतो.

दुसरे काम: आपल्याविषयी आयकर विभागाकडे असलेली माहिती पाहणे

आयकर विभागाच्या ई-फाइलिंग संकेतस्थळावर प्रत्येक करदात्याचे वार्षिक माहिती विवरण असते. त्याला सगळे एआयएस म्हणतात. त्यात पगार, बँकांनी दिलेले व्याज, लाभांश, शेअर व फंडांची विक्री, आणि एका मर्यादेवरील मोठे व्यवहार नोंदलेले असतात. सोबतच फॉर्म २६एएस मध्ये आपल्या नावावर जमा झालेली करकपात, म्हणजे टीडीएस दिसते. हे दोन्ही मार्चमध्ये एकदा उतरवून आपल्या वहीशी ताडून पाहावेत. नोंदी उशिराने चढतात, त्यामुळे शेवटच्या तिमाहीचे आकडे अपुरे असतील. परंतु विसरलेली एखादी मुदत ठेव किंवा आपली नसलेली एखादी नोंद इथेच सापडते. चुकीच्या नोंदीवर तिथेच अभिप्राय नोंदवता येतो.

मुदत ठेवींबाबत एक गैरसमज घरोघरी आढळतो: ठेव पाच वर्षांनी संपणार असेल तर व्याजावरचा करही पाच वर्षांनीच, असे लोक धरून चालतात. बँक मात्र दरवर्षी जमा होणाऱ्या व्याजावर टीडीएस कापते आणि तेवढे व्याज आपल्या नावावर कळवते. म्हणून व्याज हाती आले नसले तरी ते दरवर्षीच्या उत्पन्नात दाखवलेले बरे, नाहीतर शेवटच्या वर्षी सगळे एकदम अंगावर येते. टीडीएस कापण्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून एका बँकेमागे वर्षाला ५० हजार रुपये, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख रुपये आहे. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

पत्नीच्या नावे ठेव ठेवून कर वाचवण्याची युक्ती अजूनही लोकप्रिय आहे. पतीने दिलेल्या पैशांतून पत्नीच्या नावे ठेव केली, तर तिचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. पत्नीच्या स्वतःच्या कमाईतून केलेल्या ठेवीला हा नियम लागू होत नाही.

तिसरे काम: जुनी करप्रणाली की नवी

सगळ्या मार्चएंडचा निकाल लावणारा प्रश्न हाच आहे, आणि नेमका तोच लोक शेवटी विचारतात.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के असे टप्पे आहेत. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजारांपर्यंतची करसवलत मिळून कर शून्य होतो. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेले तरी घाबरण्याचे कारण नाही: करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल, तर टप्प्यांनुसार कर ६१ हजार ५०० होतो, पण तो १२ लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे १० हजारच आकारला जातो आणि त्यावर उपकर लागतो.

जुन्या प्रणालीत ६० वर्षांखालील व्यक्तीला अडीच लाखांपर्यंत कर नाही, ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० टक्के आणि पुढे ३० टक्के कर आहे. ८०सी (ठरावीक बचत व गुंतवणूक), ८०डी (आरोग्य विमा), घरभाडे भत्ता, राहत्या घराच्या कर्जाचे व्याज, या ओळखीच्या वजावटी फक्त इथे मिळतात.

पुण्यातील एका १४ लाख पगाराच्या नोकरदाराचा हिशेब करून पाहू. नव्या प्रणालीत ७५ हजार वजा जाता १३ लाख २५ हजार उरतात. त्यावर २०,००० अधिक ४०,००० अधिक १८,७५०, म्हणजे ७८,७५० रुपये कर, आणि ४ टक्के उपकर धरून ८१,९०० रुपये होतात. आता तोच माणूस जुन्या प्रणालीत सगळे काही करतो असे समजू: प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर २,५००, ८०सी खाली पूर्ण दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, जादा ५० हजार, गृहकर्जाचे व्याज २ लाख, स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्य विमा २५ हजार आणि ज्येष्ठ आईवडिलांचा ५० हजार. एकूण वजावट ५ लाख २७ हजार ५०० झाली. उरलेल्या ८ लाख ७२ हजार ५०० वर कर ८७,००० आणि उपकरासह ९०,४८० रुपये होतो. इतकी यातायात करूनही जुनी प्रणाली साडेआठ हजारांनी महागच पडली. या पगाराला दोन्ही प्रणाली समान होण्यासाठी सुमारे ५ लाख ६९ हजारांची वजावट लागते. म्हणून ‘साहेब, ३१ तारीख आली, एक पॉलिसी टाकून घ्या’ असे कोणी म्हणाले, तर आधी स्वतःचा असाच हिशेब मांडावा. नव्या प्रणालीत राहणाऱ्याला त्या पॉलिसीवर एक रुपयाचीही करबचत होत नाही.

याचा अर्थ जुनी प्रणाली मोडीत निघाली असा नाही. मुंबईत मोठे भाडे भरणारा आणि पगारात भरीव घरभाडे भत्ता असणारा, किंवा गृहकर्ज आणि भत्ता दोन्हींवर हक्क असणारा नोकरदार आजही तिथे फायद्यात राहू शकतो. भत्त्याच्या हिशेबात मुंबईला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. पुणे, नागपूर किंवा नाशिकला या वर्षासाठी ती ४० टक्केच आहे. हा फरक पुण्यातील कित्येक लोक विसरतात.

प्रणाली निवडण्याचे स्वातंत्र्य नोकरदाराला दरवर्षी आहे. कंपनीला नवी सांगितली असली तरी विवरणपत्र भरताना जुनी घेता येते, मात्र त्यासाठी विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. उशीर झाला तर नव्या प्रणालीशिवाय मार्ग नाही. धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला अशी दरवर्षी अदलाबदल करता येत नाही. महत्त्वाचे हे, की निवड जुलैमध्ये नोंदवता येत असली तरी तिला लागणारी गुंतवणूक ३१ मार्चपर्यंतच झालेली असावी लागते. निर्णय त्यामुळे आताच करावयाचा आहे.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्यांनी आणखी एक तपासणी करावी. पहिल्या कंपनीच्या पगाराची माहिती दुसरीला दिली नसेल, तर दोघींनीही करमुक्त मर्यादा आणि प्रमाणित वजावट स्वतंत्रपणे दिलेली असते, आणि पगारातून कापलेला कर हजारोंनी कमी पडतो.

चौथे काम: जुनीच प्रणाली ठरली, तर खड्डा मोजून भरणे

दीड लाखाची ८०सी ची मर्यादा किती भरली आहे, हे आधी मोजावे. महिन्याला ५० हजार मूळ पगार असणाऱ्याचे भविष्य निर्वाह निधीतच वर्षाला ७२ हजार जातात. गृहकर्जाच्या मुद्दलाचे ६० हजार आणि दोन मुलांच्या शिकवणी शुल्काचे, म्हणजे शाळेच्या ट्यूशन फीचे, ४० हजार धरले, की १ लाख ७२ हजार होऊन मर्यादा ओलांडलीसुद्धा. अशा माणसाने मार्चमध्ये काहीही विकत घेण्याची गरज नाही.

जागा उरली असेलच, तर पैसे किती काळ अडकणार यावरून साधन निवडावे. करबचत म्युच्युअल फंडात तीन वर्षे, करबचत मुदत ठेवीत आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात पाच वर्षे, पीपीएफमध्ये पंधरा वर्षे पैसे राहतात. ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची कमाल मर्यादा ३० लाख आहे. मुदत विमा नसेल आणि घरात कोणी आपल्यावर अवलंबून असेल, तर तो जरूर घ्यावा, पण करासाठी नव्हे. एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून अधिक असेल, तर वरच्या भागाला वजावट मिळत नाही. वैयक्तिक जीवन व आरोग्य विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, त्यामुळे नूतनीकरणाच्या सूचनेत तो लावलेला नाही ना, हे पाहावे. घाईत घेतलेली पॉलिसी नकोशी झाली, तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला तर ८०डी ची वजावट मिळत नाही. प्रतिबंधात्मक तपासणीचे ५ हजारांपर्यंतचे पैसे तेवढे रोखीचे चालतात. देणगीलाही २ हजारांवरील रोख चालत नाही. कंपनीकडे पुरावे देण्याची मुदत बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतच संपलेली असते. ती हुकली म्हणून वजावट बुडत नाही, ती विवरणपत्रात मागता येते. घरमालकाला वर्षाला १ लाखाहून अधिक भाडे दिले असेल, तर त्याचा पॅन क्रमांक कंपनी मागते, तो आताच घेऊन ठेवावा.

शेअर आणि फंड असणाऱ्यांसाठी

एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर किंवा समभाग फंड विकून झालेल्या नफ्यापैकी दरवर्षी पहिल्या १ लाख २५ हजारांवर कर नाही. त्यापुढे साडेबारा टक्के आहे. एक वर्षाच्या आतील नफ्यावर २० टक्के कर आहे. ही सव्वा लाखाची सूट पुढच्या वर्षात नेता येत नाही. म्हणून कागदावर नफा असलेली काही युनिटे मार्चमध्ये विकून पुन्हा घेतली, तर खरेदीची किंमत वर सरकते आणि पुढचा कर कमी होतो. हे करताना युनिटे खरोखर वर्षाहून जुनी आहेत का आणि निर्गमन शुल्क लागते का, हे पाहावे. १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सवलत या नफ्याला लागू होत नाही, हेही ध्यानात असावे.

तोट्यातील शेअर विकून तो तोटा नफ्यातून वजा करता येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून, दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून वळता होतो. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच.

आगाऊ कर आणि भाड्यावरची करकपात

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून अधिक निघत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. त्याचा शेवटचा हप्ता १५ मार्चला असतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे. १५ तारीख हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करातच धरली जाते. त्यानंतर मात्र एकूण कराच्या ९० टक्के भरणा झालेला नसेल, तर एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज चालू होते. भरणा करताना सर्वाधिक चुका वर्ष निवडण्यात होतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या करासाठी निर्धारण वर्ष, म्हणजे करआकारणीचे पुढचे वर्ष, २०२६-२७ निवडावयाचे असते, आणि आगाऊ करासाठी १०० क्रमांकाचा पर्याय घ्यावयाचा असतो. चुकीच्या वर्षात गेलेले पैसे परत आपल्या खात्यावर आणण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्याने घातले त्यालाच माहीत.

मुंबई-पुण्यात महिन्याला ५० हजारांहून अधिक भाडे देणाऱ्या भाडेकरूने मालकाच्या भाड्यातून २ टक्के कर कापून सरकारात भरावयाचा असतो, आणि ही कपात वर्षातून एकदाच, मार्चमध्ये किंवा घर सोडण्याच्या महिन्यात करावयाची असते. ५५ हजार भाडे असेल, तर वर्षाच्या ६ लाख ६० हजारांवर १३,२०० रुपये मार्चच्या भाड्यातून कापावेत आणि फॉर्म २६क्यूसी द्वारे ३० एप्रिलपर्यंत भरावेत. यासाठी कर कापणाऱ्यांना घ्यावा लागणारा वेगळा टॅन क्रमांक लागत नाही. मालक अनिवासी भारतीय असेल तर नियम निराळे आहेत आणि ५० हजारांची मर्यादाही नाही. अशा वेळी सनदी लेखापालाला विचारूनच पुढे जावे.

गावाकडचे मार्चएंड

शेतकरी घरांत मार्चएंड म्हणजे विकास सोसायटीचे कर्ज. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत एक दिवसाने चुकली तरी ही सवलत जाते, म्हणून आपल्या उचलीची नेमकी मुदत सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्यावी. बहुतेक लोक ‘नवे-जुने’ करतात, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलतात, आणि मधल्या आठ-पंधरा दिवसांसाठी खासगीतून पैसे घेतात. तसे करावेच लागले, तर नव्या कर्जाची मंजुरी झाली आहे याची खात्री आधी करावी. खासगीतले पैसे शेकडा ३ रुपये महिन्याने आणून नवी उचल दोन महिने लांबली, तर वाचलेल्या व्याजाहून अधिक तिकडे जाते. कर्जमाफीच्या आशेवर थकीत राहण्याचा विचार प्रत्येक गावात चर्चेला असतो. थकबाकीदाराला पुढच्या हंगामाची उचल मिळणे अवघड होते, एवढे त्या विचारात धरावे.

घरपट्टी आणि पाणीपट्टी मार्चमध्येच भरून टाकावी. पुण्यासह अनेक महापालिकांत थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. इतके व्याज तर वैयक्तिक कर्जालाही सहसा पडत नाही. हाती बोनस आला असेल, तर तो आधी क्रेडिट कार्डाच्या बाकीत घालावा, मग वैयक्तिक कर्जात, आणि उरला तर गृहकर्जात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर बँक शुल्क घेऊ शकत नाही.

ठेवी कोठे आहेत आणि कोणाला मिळतील

वहीच्या डाव्या पानाकडे पुन्हा एकदा जावे. सहकारी बँकांसह सर्व विमाधारक बँकांतील ठेवींना व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, आणि ही मर्यादा एका बँकेत एका व्यक्तीच्या सर्व शाखांतील ठेवी मिळून आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. नावात ‘सहकारी’ असते, फलक बँकेसारखा असतो, दर एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो, आणि निवृत्तीचे सगळे पैसे तिथे गेलेले असतात, असे मी ओळखीच्या तीन घरांत पाहिले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत केवळ १ हजार रुपये काढता येणार होते. एकाच ठिकाणी ५ लाखांहून अधिक ठेव असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी ती विभागावी.

प्रत्येक खात्यासमोर नामनिर्देशन आहे की नाही, हे लिहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात. लग्नापूर्वी उघडलेल्या भविष्य निर्वाह निधी खात्यावर किंवा फंडावर अजून आईचेच नाव असणे, आणि आई हयात नसणे, हे आपल्याकडे सर्रास घडते. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण ती वारसच असते असे नाही. घर किंवा जमीन असेल तर मृत्युपत्र करावे. वडिलांच्या जुन्या खात्यांचा पत्ता लागत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर दहा वर्षे पडून असलेल्या ठेवी शोधता येतात. आमच्या वडिलांच्या नावाचे असे एक खाते मिळाले; त्यात ४,१०० रुपये होते, आणि ते मिळवण्यासाठी लागलेली कागदपत्रे पाहता तेवढे ठीकच म्हणायचे.

शेवटचा आठवडा आणि एप्रिलचे पहिले पाच दिवस

२५ मार्चनंतर नवे निर्णय घेऊ नयेत, फक्त ठरलेले भरणे करावेत. पीपीएफ खात्यात वर्षाला किमान ५००, सुकन्या समृद्धी खात्यात २५० आणि एनपीएसच्या पहिल्या स्तरात १ हजार रुपये गेले आहेत का, ते पाहावे. नाहीतर खाते खंडित होते आणि दंड भरून ते पुन्हा चालू करावे लागते. नवी करप्रणाली घेतलेले लोक इथे हमखास चुकतात, कारण वजावट नाही म्हणून खात्याकडे पाहतच नाहीत. फंडात पैसे प्रत्यक्ष पोहोचल्याच्या दिवसाचे मूल्य लागते, तेव्हा ३१ तारखेच्या सायंकाळवर भिस्त ठेवू नये. मार्चअखेरीस सणांच्या सुट्ट्याही येतात, आणि १ एप्रिलला वार्षिक ताळेबंदासाठी बँकांच्या शाखा ग्राहकांना बंद असतात.

पीपीएफचे व्याज त्या महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजतात. पूर्ण दीड लाख भरणाऱ्याने ते ५ एप्रिलपूर्वी भरले, तर ७.१ टक्क्यांनी संपूर्ण वर्षाचे १०,६५० रुपये व्याज मिळते. तेच पैसे पुढच्या मार्चच्या शेवटी भरले, तर त्या वर्षी त्यांवर काहीच मिळत नाही. म्हणून हे एक काम ३१ मार्चचे नसून एप्रिलचे आहे.

ज्यांचा एकूण कर शून्य आहे, त्यांनी टीडीएस कापू नये यासाठीचे घोषणापत्र, ज्याला आपण आजवर १५जी आणि १५एच म्हणत आलो, एप्रिलच्या सुरुवातीलाच प्रत्येक बँकेत द्यावे. नवा कायदा लागू होत असल्याने फॉर्म बँकेकडूनच घ्यावा, घरातला जुना छापील फॉर्म भरून नेऊ नये. त्यानंतर गृहकर्जाचे अंतिम व्याज प्रमाणपत्र, फंडांचे भांडवली नफ्याचे विवरण आणि बँकांची व्याज प्रमाणपत्रे मागवून वहीसोबत एका फायलीत लावावीत, आणि ती फाइल कोठे ठेवली आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला दाखवून ठेवावे.